ॲपवर दुसऱ्याचं पान चढतं तेव्हा: सीमाभागातील सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संचालकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि व्यवस्थापक,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी भागातील सर्व सहकारी बँका, सौहार्द संस्था व पतसंस्था यांस,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी बऱ्याच संस्थांनी गेल्या काही वर्षांत मोबाइल ॲप काढलं. नारळ फुटला, पेढे वाटले, चेअरमनसाहेबांचा मोबाइल हातात धरलेला फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्यात वावगं काही नाही. संकेश्वरकडच्या शेतकऱ्याला उसाचं बिल पडलं का हे बघायला शाखेपर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. वडगावातल्या यंत्रमागवाल्याला सुताचे पैसे रात्री दहा वाजता घरबसल्या पाठवता येतात. मी मोबाइल ॲप तपासण्याचं काम करते आणि तुमच्यासारख्याच एका संस्थेची सभासद आहे. 'मोबाइलवर बँक नकोच' म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

लिहायला बसले ते एका ठरलेल्या उत्तराबद्दल. कुणा सभासदाच्या खात्यातून पैसे गेले आणि तो शाखेत आला की त्याला ऐकायला मिळतं, "पिन तुम्हीच दिलाय की, संस्था काय करणार?" फोनवर गोड बोलून कुणी ओटीपी काढून घेतला असेल तर ह्या उत्तरात थोडंफार तथ्य असतं. पण फसवणुकीचा एक प्रकार असा आहे की त्यात सभासद कुणालाच काही सांगत नाही. स्वतःच्या फोनवर, तुमच्या संस्थेच्या चिन्हावर बोट ठेवतो, तुमच्या संस्थेच्या नावाखाली पिन टाकतो, आणि तो पिन भलत्याच्याच हाती जातो. त्या माणसाला 'तुम्हीच दिलाय' म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय हे उत्तर संस्थेच्याच अंगाशी येऊ शकतं, ते कसं तेही पुढे सांगते.

ह्या प्रकाराला ओव्हरले हल्ला म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या वर आपली खिडकी काढता येते. मूळ हेतू सोयीचा आहे. फोन वाजला की ट्रूकॉलर जे नाव वर दाखवतो, मेसेंजरचे जे गोल चेहरे स्क्रीनवर तरंगतात, रात्री उजेड पिवळसर करणारी जी ॲप्स असतात, ती सगळी ह्याच परवानगीवर चालतात. म्हणून गूगलला ती सरसकट बंद करता येत नाही. आयफोनमध्ये एका ॲपला दुसऱ्याच्या डोक्यावर असं चढता येत नाही. पण आपल्या सभासदांच्या हातात कोणते फोन असतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सुरुवात बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरच्या फाइलने होते. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसानचा हप्ता. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते, पण तिकडे बघतो कोण? ती उघडली की एक ॲप बसतं आणि परवानग्या मागायला लागतं. त्यातली सगळ्यात घातक म्हणजे ॲक्सेसिबिलिटी. अंध माणसाला फोन वापरता यावा, स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवता यावं, म्हणून ही सोय केलेली. ती चोराच्या ॲपला मिळाली की सभासदाने आत्ता कोणतं ॲप उघडलं हे त्याला कळतं. फोनवर कोणकोणत्या बँकांची ॲप्स आहेत ही यादी तर आधीच बाहेर गेलेली असते. मग ज्या क्षणी तुमचं ॲप उघडतं, त्याच क्षणी त्याच्यावर तुमच्याच रंगाचं, तुमच्याच बोधचिन्हाचं एक पान येऊन बसतं. सभासद पिन टाकतो. पान म्हणतं, 'सर्व्हर बिझी आहे, पुन्हा प्रयत्न करा', आणि निघून जातं. खाली तुमचं खरं ॲप उघडंच असतं. तो पुन्हा पिन टाकतो, आणि ह्या वेळी खरंच आत जातो. त्याला संशय यावा कसा? सर्व्हर बिझी असणं तर आपल्या संस्थांत रोजचंच आहे!

दुसऱ्या प्रकारात पिन चोरण्याचीसुद्धा गरज राहत नाही. स्क्रीन काळी होते, वर ओळ येते, 'सिस्टिम अपडेट होत आहे, फोन बंद करू नका'. माणूस फोन टेबलावर ठेवून चहा घ्यायला जातो. त्या काळ्या पानाखाली चोर दूर कुठेतरी बसून फोन चालवत असतो. तुमचं ॲप उघडतो, नवीन लाभार्थी जोडतो, आलेला ओटीपी वाचतो, रक्कम पाठवतो. तुमच्या सर्व्हरला दिसतं ते एवढंच की सभासदाच्या नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या सिमवरून व्यवहार झाला. सगळं नियमात.

तिसरा प्रकार जुन्या फोनवर चालतो. वरचं पान पारदर्शक किंवा अर्धवट असतं. डोळ्यांना दिसतं 'पुढे' असं बटण, पण बोटाचा स्पर्श खाली तुमच्या 'पाठवा' बटणापर्यंत पोचतो.

आमच्या कामात चाचणीसाठी आम्ही असंच एक निरुपद्रवी पान बनवतो. कुठेही काही न पाठवणारं, नुसतं वर येऊन बसणारं. एका संस्थेचं ॲप उघडून त्यावर ते चढवलं तेव्हाचं सांगते. नाव घेत नाही, कारण त्या संस्थेपुरता हा प्रश्न नाही. हिरवी पट्टी, वर गोल बोधचिन्ह, खाली खातं क्रमांक आणि पिन असे दोन चौकोन. माझ्या पानाचा हिरवा रंग किंचित फिका होता आणि बटणाचे कोपरे थोडे जास्त गोल होते. एवढाच फरक, तोही दोन्ही फोन शेजारी ठेवले तेव्हा दिसला. पिनचे ठिपके एकेक करून उमटले, ते माझ्या पानावर. खालच्या ॲपला ह्यातलं काहीच कळलं नाही. त्याने ना इशारा दिला, ना ते बंद पडलं, ना त्याच्या नोंदवहीत काही उमटलं. आपल्यावर कोणी बसलंय का, हे विचारायची त्याला कुणी शिकवणच दिलेली नव्हती.

'सभासदाने नीट बघायला हवं होतं' म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक आणि सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 'क्लोक अँड डॅगर' नावाने हे हल्ले जगापुढे मांडले. त्यांनी 20 माणसांवर हा प्रयोग करून पाहिला. एकालाही शंका आली नाही. तिथल्या माणसांना जे दिसलं नाही ते निपाणीच्या विडी कामगार बाईला दिसावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आणि हे अमेरिकेतच घडतं असंही नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या सायबर सुरक्षा बघणाऱ्या संस्थेने सप्टेंबर 2022 मध्ये 'सोवा' नावाच्या व्हायरसबद्दल भारतीय खातेदारांना सावध केलं होतं. क्रोम, ॲमेझॉन अशा ओळखीच्या ॲप्सचं चिन्ह लावून तो फोनमध्ये शिरायचा आणि 200 हून अधिक बँकिंग आणि वॉलेट ॲप्सवर खोटी पानं चढवू शकायचा. त्याला काढून टाकायला गेलं की तो माणसाला परत होम स्क्रीनवर आणून सोडायचा आणि 'हे ॲप सुरक्षित आहे' असं वर लिहून दाखवायचा. इतका निगरगट्टपणा!

आता मुद्द्याचं. ह्यावर उपाय नाही असं नाही. बरेचसे उपाय अँड्रॉइडमध्येच आहेत आणि त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. आपल्यावर दुसरी खिडकी असेल तर तिच्याखालच्या बटणावर पडलेला स्पर्श स्वीकारायचाच नाही, ही सोय अँड्रॉइड 2.3 पासून, म्हणजे 2010 पासून आहे. तिचं नाव 'फिल्टर टचेस व्हेन ऑब्स्क्युअर्ड'. अँड्रॉइड 12 मध्ये, 2021 साली, 'सेट हाइड ओव्हरले विंडोज' ही सोय आली. ॲपने पिनचं पान उघडताना ती चालू केली की इतर ॲप्सच्या तरंगणाऱ्या खिडक्या फोन स्वतःच लपवतो. नावं लांबलचक आहेत, पण व्हेंडरसमोर, म्हणजे तुम्हाला ॲप बनवून देणाऱ्या कंपनीसमोर, तीच घ्यायची. म्हणजे समोरचा 'फुल सिक्युरिटी आहे सर' म्हणून सुटत नाही.

व्हेंडर आणखीही बरंच सांगेल. 'एसएसएल आहे' म्हणेल. ते तारेवरून जाणारी माहिती झाकतं. इथे पिन तारेवर जायच्या आधीच दुसऱ्याच्या चौकोनात पडलेला असतो. 'स्क्रीनशॉट बंद केलाय' म्हणेल. चांगलंच केलं, पण त्याने वर चढलेलं पान खाली उतरत नाही. 'ओटीपी आहे' म्हणेल. ज्या फोनवर चोर बसलाय त्याच फोनवर ओटीपी येतो.

हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की वरच्या दोन सोयी केल्या म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं होत नाही. ॲक्सेसिबिलिटीच्या अधिकाराने काढलेली खिडकी अँड्रॉइड 12 च्या सोयीने लपत नाही. तिला फोन विश्वासातली समजतो. चोराचं ॲप तरंगणारी खिडकी न काढता आपलं सबंध पानच पुढे आणत असेल, तर तिथेही ही सोय कमी पडते. म्हणून ॲपने आणखी काही करायला हवं. पिन टाकत असताना आपण मागे ढकलले गेलो का हे त्याला कळायला हवं. फोनवर कोणत्या ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू आहेत ते त्याने बघायला हवं. गूगलच्या प्ले इंटेग्रिटी ह्या फोन-ॲपची खात्री करून देणाऱ्या सेवेत आता 'स्क्रीन पकडणारं, वर खिडकी काढणारं किंवा फोन चालवणारं ॲप चालू आहे का' एवढं विचारता येतं. उत्तर 'हो' आलं तर रक्कम पाठवणं थांबवायचं, शिल्लक बघू द्यायची. शेवटची राखण सर्व्हरवर. नवीन लाभार्थी जोडल्यावर पहिला दिवस रकमेला मर्यादा, आणि रात्री-अपरात्री खातं रिकामं होण्याइतका व्यवहार आला तर शाखेतून फोन.

इथे एक काळजी घ्यायला सांगा. ॲक्सेसिबिलिटी चालू दिसली की सरसकट ॲप बंद करणारे व्हेंडर असतात. त्यांना ते सोपं पडतं. पण टॉकबॅकवर फोन ऐकून चालवणारा अंध सभासदही त्यात बाहेर फेकला जातो, आणि त्याच्याच नावाने ही सोय मुळात आलेली आहे. टॉकबॅकसारख्या ओळखीच्या सेवा वेगळ्या काढता येतात. थोडं जास्त काम आहे, करून घ्या.

तुमच्याकडे एक ताकद आहे, तिचा तुम्हाला विसर पडलाय. आपल्या भागातल्या छोट्या संस्थांची ॲप्स एकेकटी बनत नाहीत. व्हेंडर एकच ॲप बनवतो आणि रंग, नाव, बोधचिन्ह बदलून अनेकांना देतो. त्यामुळे एका संस्थेचं खोटं पान बनवलं की चोरालाही फक्त बोधचिन्ह बदलायचं असतं. पण हीच गोष्ट उलटीही खरी आहे. पाच-सहा संस्थांनी मिळून त्या व्हेंडरला लेखी विचारलं, तर एकदा केलेली दुरुस्ती सगळ्यांना मिळते. एकट्या संस्थेला 'पुढच्या व्हर्जनला बघू' म्हणणारा माणूस सहा संस्थांच्या सही-शिक्क्याला तसं म्हणणार नाही. निवडणुकीच्या पॅनेलसाठी आपण एका रात्रीत एकत्र येतो, ह्याला तर फक्त एक पत्र लागतं.

काही गोष्टी मात्र व्हेंडरच्या नाहीत, तुमच्याच आहेत. काही संस्था आजही आपलं ॲप प्ले स्टोअरवर न ठेवता व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल टाकून वाटतात. 'अननोन सोर्स चालू करा, मग इन्स्टॉल करा' असं शाखेतला मुलगा सभासदाला शिकवतो. उद्या लग्नपत्रिकेची फाइल आली की सभासद नेमकं तेच करतो, कारण शिकवलंय संस्थेनेच. अँड्रॉइड 13 पासून अशा बाहेरून आणलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही, फोन अडवतो. तेव्हा चोर फोनवरून 'वरचे तीन ठिपके दाबा' म्हणत तो अडसर काढून घेतो. ज्या माणसाला संस्थेने एकदा असे अडसर काढायला शिकवलंय, त्याला चोराचं ऐकायला कितीसा वेळ लागणार? तीच गत परवानग्यांची. शिल्लक दाखवणाऱ्या ॲपला फोनमधले सगळे संपर्क आणि फोटो कशाला हवेत? गरज नसताना मागितलेली प्रत्येक परवानगी सभासदाला 'ओके' दाबायची सवय लावते.

मग भाषा. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात ह्यावरून सीमाभागात आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. पण ॲपमधल्या धोक्याच्या सूचना बहुतेक इंग्रजीत आहेत आणि त्यावर एकाही सभेत ठराव नाही. सूचना मराठीत हवी आणि कन्नडमध्येही हवी, कारण आपल्या सभासदांत दोन्हीकडचे आहेत. आणि ती माणसासारखी बोलणारी हवी: 'तुमच्या फोनवर दुसरं ॲप आमच्या पानावर चढलंय. आत्ता पिन टाकू नका. शाखेला फोन करा.'

हे लोकांपर्यंत पोचवायला भिंतीवरचा फलक पुरत नाही. त्यासाठी तुमच्याकडे रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट आहे. खडेबाजारातल्या दुकानापासून कडोलीच्या घरापर्यंत रोज जाणारा, ज्याच्या हाती लोक पावती न वाचता पैसे देतात असा हा माणूस. तो मॅनेजरपेक्षा जास्त घरांत चहा पितो. त्याला अर्धा दिवस बसवून खोटं पान कसं दिसतं ते प्रत्यक्ष दाखवा. त्याचा स्वतःचा फोनही तपासा, कारण वसुलीचं ॲप त्याच फोनवर चालतं. चोराच्या दृष्टीने एका सभासदाच्या फोनपेक्षा एजंटचा फोन कितीतरी मोलाचा. ह्याच एजंटच्या नावाने उद्या कुणी तुमच्या शाखेच्या दारात टेबल टाकून, तुमच्यासारखंच पावतीपुस्तक घेऊन पैसे गोळा करू लागला, तर 'सभासदांनी पावती नीट बघायला हवी होती' असं म्हणून तुम्ही आत बसून राहाल का?

आता जबाबदारीचं, म्हणजे ते उत्तर अंगाशी कसं येतं ते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2017 मध्ये सहकारी बँकांसाठी एक परिपत्रक काढलं. त्यात असं होतं: खातेदाराने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही असं असेल, आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच बोजा येत नाही. बँकेच्या बाजूने हलगर्जी किंवा त्रुटी असेल तर त्याने कळवलं की नाही हेही बघितलं जात नाही. आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम. आता सांगा, 2010 पासून फोनमध्ये असलेली सोय तुमच्या ॲपने चालूच केली नसेल, तर तिला त्रुटी नाही तर काय म्हणायचं? पतसंस्थांना हे परिपत्रक लागू नाही हे खरं. पण ग्राहक आयोगाचा दरवाजा तिथल्या सभासदालाही उघडा आहे. मोठ्या व्यापारी बँकांना तर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2021 मध्येच सांगितलं की दुरून फोन चालवणारी ॲप्स शक्य तिथवर ओळखा आणि तसं आढळलं तर लॉगिन अडवा. तो नियम आज तुमच्यावर बंधनकारक नसेल, पण चोर काही बँकेचा वर्ग बघून हल्ला करत नाही.

पैसे गेल्यावर 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. रक्कम पुढच्या खात्यातच अडवली तर अडते, तास गेले की एका खात्यातून दहा खात्यांत पसरते. अडचण तुमच्या बाजूला आहे. अनेक छोट्या संस्था यूपीआय आणि आयएमपीएससाठी दुसऱ्या बँकेच्या आधाराने जोडलेल्या आहेत. शनिवारी रात्री व्यवहार अडवायचा म्हटलं तर त्या बँकेत कुणाला फोन करायचा, हे तुमच्या किती मॅनेजरना तोंडपाठ आहे? तो क्रमांक शाखेतल्या कपाटात नको, मॅनेजरच्या आणि एजंटच्या मोबाइलमध्ये हवा. शिवाय तुमच्या नावाचं खोटं ॲप फिरताना दिसलं तर सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे सहा तासांच्या आत त्यांना कळवावं लागतं. ते काम कोणाकडे, हे नाव-हुद्द्यासह ठरवून ठेवा.

माझी मागणी एवढीच. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर 'मोबाइल ॲपची सुरक्षा' हा स्वतंत्र विषय घ्या, 'ऐनवेळच्या विषयात' ढकलू नका. व्हेंडरचं लेखी उत्तर सभेत वाचून दाखवा. ॲपवर खोटं पान चढवून बघण्याची चाचणी व्हेंडर सोडून दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आपल्याकडे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, त्याच्याशी जोडलेली कॉलेजं आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. आणि ही चाचणी होईपर्यंत, निदान यंत्रमागवाले, विडी कामगार, शेतकरी अशा ज्यांच्या खात्यात एका वेळी थोडीच रक्कम असते त्यांच्यासाठी, ॲपमधून दिवसाला पाठवायची मर्यादा त्यांना स्वतःला शाखेत येऊन कमी करून घेता येईल अशी सोय करा. त्याला ना व्हेंडर लागतो, ना ठराव. एक अर्ज आणि मॅनेजरची सही पुरते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद, टिळकवाडी, बेळगाव